वणव्याच्या पट्ट्यातलं घर: राखण आणि विमा. कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट २०२० मध्ये सांताक्रूझच्या डोंगरातलं घर सोडून निघालो तेव्हा गाडीच्या काचेवर राख पडत होती आणि मागच्या सीटवर आईच्या मांडीवर देवांचा डबा होता. घर वाचलं. परत आल्यावर मागच्या दारातल्या काथ्याच्या पायपुसण्याला रुपयाएवढं काळं भोक दिसलं. ठिणगी तिथे पडली, धुमसली आणि आपोआप विझली. तिथून वीतभर अंतरावर लाकडी दार होतं. त्यानंतर काही महिन्यांनी विमा कंपनीचं 'नूतनीकरण करणार नाही' असं पत्र आलं. तेव्हापासून ओळखीचे लोक फोन करून जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

वणवा अजून मैलभर लांब असताना घर पेटतं कसं?

ठिणग्यांनी. आगीची भिंत चालत येते आणि घर गिळते, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात जळणारी सालं, फांद्यांचे तुकडे, शेजारच्या छपराचे निखारे वाऱ्यावर मैलभरही उडत येतात. ते पन्हळीतल्या पाचोळ्यात, डेकखाली ठेवलेल्या खोक्यांवर, माळ्याच्या व्हेंटमध्ये (हवा खेळायच्या झरोक्यात) शिरतात. तिथे ते अर्धा तास धुमसत राहिले तरी कुणाचं लक्ष जात नाही, कारण सगळे घर सोडून गेलेले असतात. एक घर पेटलं की त्याच्या उष्णतेने शेजारचं पेटतं. ८ नोव्हेंबर २०१८ च्या कॅम्प फायरमध्ये पॅराडाइज गावात आणि आसपास १८ हजारांहून जास्त इमारती गेल्या आणि ८५ माणसं दगावली. तिथले नंतरचे फोटो नीट पाहा. कितीतरी ठिकाणी घराची राख झाली आहे आणि अंगणातली झाडं हिरवी उभी आहेत.

त्यामुळे 'आमच्यापासून जंगल लांब आहे' हे उत्तर पुरेसं नाही. २०१७ च्या टब्स फायरने सांता रोझामध्ये सहापदरी हायवे ओलांडून सपाट वस्तीतली कॉफी पार्कची घरं जाळली. ७ जानेवारी २०२५ ला सुरू झालेल्या ईटन आगीने अल्टाडेनात साधे, शहरी, रांगेतले रस्ते नेले.

सगळ्यात आधी काय करायचं? हाताशी फक्त एक शनिवार आहे.

घराच्या भिंतीला लागून चारही बाजूंनी पाच फूट मोकळे करा. इथे या पट्ट्याला 'झोन झिरो' म्हणतात. त्याच्या पुढे तीस फुटांपर्यंत पहिला झोन आणि शंभर फुटांपर्यंत दुसरा. शंभर फूट साफ करायचे म्हटल्यावर माणूस हबकतो आणि काहीच करत नाही. म्हणून पाच फुटांपासून सुरुवात करा. घर वाचवायला सर्वांत जास्त उपयोग याच पट्ट्याचा होतो.

या पट्ट्यात लाकडी मल्च (झाडांखाली पसरतात तो लाकडाचा भुसा) नको. तिथे खडी टाका, फरशी घाला किंवा नुसती माती ठेवा. खिडकीखालची झुडपं काढा. रोझमेरी आणि ज्युनिपर या दोन्ही तेलकट असतात, पेटल्या की फटाक्यासारख्या पेटतात. भिंतीला टेकवलेली शेकोटीची लाकडं तीस फूट लांब न्या. लाकडी कुंपण घराला जिथे येऊन चिकटतं तिथला शेवटचा पाच फुटांचा भाग लोखंडी करून घ्या. लाकडी कुंपण म्हणजे आग घरापर्यंत आणणारी वातच. मग शिडी लावून पन्हळी साफ करा. हे काम वर्षातून एकदा करून भागत नाही. ओक आणि रेडवुडची झाडं असतील तर उन्हाळ्यात दर महिन्याला वर चढावं लागतं.

दारातली तुळस, तोरण, जुईचा वेल? हेही काढायचं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि विचारताना प्रत्येकाचा आवाज जरा उतरतो. माझं मत सांगते. तुळस ठेवा, पण मातीच्या किंवा सिमेंटच्या कुंडीत, भिंतीपासून लांब, रोज पाणी मिळेल अशी. वाळलेल्या मंजिऱ्या खुडत राहा. इशारा आला की कुंडी अंगणाच्या मध्यावर नेऊन ठेवा. प्लॅस्टिकची कुंडी नको. भिंतीवर किंवा पोर्चच्या खांबावर चढवलेला जुईचा वेल मात्र काढाच. वरून हिरवा दिसला तरी आत वाळक्या काड्यांची जाळी झालेली असते. हवं तर तो घरापासून लांब लोखंडी कमानीवर चढवा.

तोरणाचं म्हणाल, तर दसऱ्याचं आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण आपण महिनाभर तसंच ठेवतो. ते दोन-तीन दिवसांनी उतरवा. कापडी फुलांचं कायमचं तोरण आत लावा. काथ्याच्या पायपुसण्याच्या जागी रबराचं किंवा धातूच्या जाळीचं आणा.

आता दिवाळी. ती इथे नेमकी त्या दिवसांत येते जेव्हा रान महिनोन्महिने कोरडं असतं आणि उत्तरेत डायब्लो, दक्षिणेत सांता आना नावाचे कोरडे, जोरदार वारे सुटतात. हवामान खात्याचा 'रेड फ्लॅग' इशारा असेल त्या दिवशी अंगणात पणती नको, कागदी आकाशकंदील नको, फुलबाजी तर मुळीच नको. आम्ही अशा वेळी विजेचा कंदील लावतो आणि पणत्या आत ओट्यावर, स्टीलच्या ताटात ठेवतो.

घरावरच पैसे घालायचे तर आधी कशावर?

छप्पर. लाकडी शेक किंवा शिंगलचं (लाकडाच्या पातळ फळ्यांचं) छप्पर असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि ते बदला. 'क्लास ए' दर्जाचं, म्हणजे आगीपुढे सर्वांत जास्त टिकणारं छप्पर हवं. डांबरी कॉम्पोझिशन शिंगल, काँक्रीट किंवा मातीची कौलं, नीट अस्तर घातलेला पत्रा हे सगळे त्यात बसू शकतात. गोल कौलांच्या कडेच्या पोकळ्या मात्र बुजवून घ्याव्या लागतात, तिथे पक्षी घरटी करतात आणि त्या काड्या ठिणगीने पेटतात.

नंतर व्हेंट. जुन्या घरांत माळ्याच्या आणि पायाच्या व्हेंटला पाव इंचाची जाळी असते. त्यातून निखारे सहज आत जातात. पाव इंचाच्या जागी एक अष्टमांश इंचाची किंवा त्याहून बारीक धातूची जाळी बसवायला फारसा खर्च येत नाही. ठिणग्या अडवणारे खास व्हेंट मिळतात, ते अधिक चांगले. प्लॅस्टिकची जाळी वितळते, ती घेऊ नका. त्यानंतर दुहेरी टेम्पर्ड काचांच्या खिडक्या, मग डेक, मग भिंतीचं क्लॅडिंग (बाहेरचं आवरण). वणव्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांसाठी कॅलिफोर्नियात २००८ पासून कडक बांधकाम नियम आहेत. तुमचं घर त्याआधीचं असेल तर हीच यादी हातात घेऊन माळ्यावर चढा.

हे सगळं केलं तर प्रीमियम कमी होतो का?

कमी व्हायलाच हवा. राज्याच्या विमा खात्याने २०२२ मध्ये 'सेफर फ्रॉम वाइल्डफायर्स' नावाचे नियम आणले. जोखमीप्रमाणे दर ठरवणाऱ्या कंपन्यांना अशा कामांसाठी सवलत द्यावीच लागते. सवलत किती, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. ती बहुतेक वेळा आपण होऊन मिळत नाही, मागावी लागते. फोटो काढा, पावत्या ठेवा आणि एजंटला लेखी पाठवा.

त्याच नियमांनी आणखी एक हक्क दिला आहे, ज्याची फार कमी लोकांना कल्पना असते. कंपनीने तुमच्या घराला दिलेला वणव्याचा स्कोअर तुम्ही मागू शकता आणि चुकीचा वाटला तर त्यावर अपील करू शकता. चुका खरोखर होतात. आमच्या ओळखीच्या एका घराचं छप्पर बदलून तीन वर्षं झाली होती, तरी नोंदीत जुनंच होतं.

हे लक्षात असू द्या, की कॅल फायरचे (राज्याच्या वन आणि अग्निशमन खात्याचे) धोक्याचे नकाशे आणि कंपनीचा स्कोअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशा त्या जमिनीचा धोका दाखवतो. तुम्ही छप्पर बदललंत की नाही ते त्याला कळत नाही.

'पॉलिसीचं नूतनीकरण होणार नाही' असं पत्र आलं आहे. आता?

पहिल्या दिवशी फक्त दोन गोष्टी करा. पत्रावरची तारीख बघा आणि कारण बघा. कॅलिफोर्नियात मुदत संपण्याआधी निदान ७५ दिवस हे पत्र द्यावं लागतं. म्हणजे अडीच महिने हाताशी आहेत. ते पुरतात, पण त्यातला पहिला महिना रागात घालवला तर पुरत नाहीत. मी घालवला होता.

दुसऱ्या दिवशी तुमचा पिनकोड स्थगितीच्या यादीत आहे का ते विमा खात्याकडे तपासा. २०१८ च्या कायद्यानुसार गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केली, की आगीच्या हद्दीतल्या आणि तिला लागून असलेल्या पिनकोडमध्ये कंपन्यांना वणव्याच्या कारणावरून एक वर्ष पॉलिसी सोडता येत नाही. तुमचं घर जळलं नसलं तरी हे लागू होतं. पत्र या यादीच्या विरोधात असेल तर कंपनीला ते मागे घ्यावं लागतं.

मग कारण. 'छपरावर फांद्या' किंवा 'अंगणात सामान' असं असेल तर ते बहुधा वरून काढलेल्या फोटोवरून ठरलेलं असतं. काम करा, तारखेसह फोटो पाठवा, फेरतपासणी मागा. कारण नुसतंच 'वणव्याची जोखीम' असेल तर एका कंपनीशी बांधलेला एजंट सोडून अनेक कंपन्यांचं काम करणारा स्वतंत्र ब्रोकर गाठा. नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी कधीही आपणहून बंद करू नका. मधे एक दिवसही खंड पडला तर गृहकर्जाची बँक स्वतः विमा उतरवते. तो महाग असतो आणि बँकेचे पैसे राखतो, तुमचं सामान नाही.

तक्रार किंवा शंका असेल तर विमा खात्याचा फोन ८००-९२७-४३५७ आहे. तिथली माणसं खरोखर उत्तर देतात.

एवढ्या कंपन्या मागे का सरल्या, असंही लोक विचारतात. स्टेट फार्मने मे २०२३ मध्ये राज्यात घरांच्या नव्या पॉलिसी घेणं थांबवलं आणि पुढच्या वर्षी हजारो जुन्या सोडल्या. बांधकामाचा खर्च वाढला, पुनर्विमा (विमा कंपन्या स्वतःसाठी उतरवतात तो विमा) महागला, आणि १९८८ च्या प्रपोझिशन १०३ या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यामुळे दर वाढवायला आधी खात्याची मंजुरी लागते. खात्याने आता भविष्यातल्या आगींचा अंदाज बांधणारी मॉडेलं दर ठरवायला वापरू दिली आहेत आणि बदल्यात कंपन्यांनी धोक्याच्या पट्ट्यात जास्त घरं घ्यावीत अशी अट घातली आहे. दर वाढणार हे नक्की. निदान दार तरी पुन्हा उघडावं.

कुणीच घेत नसेल तर फेअर प्लॅन चालेल का?

चालेल, पण तो काय नाही ते समजून घ्या. फेअर प्लॅन १९६८ पासून आहे. तो सरकारी नाही. राज्यातल्या विमा कंपन्यांनी मिळून चालवलेला शेवटचा आधार आहे. आग, वीज पडणं, घरातला स्फोट, धूर एवढंच मूळ पॉलिसीत येतं. चोरी नाही, नळ फुटून झालेलं नुकसान नाही, पाहुणा जिन्यावरून पडला तर त्याची जबाबदारी नाही. त्यासाठी जोडीला 'डिफरन्स इन कंडिशन्स' नावाची दुसरी पॉलिसी घ्यावी लागते. ती घ्याच. नुसत्या फेअर प्लॅनवर राहणारी बरीच कुटुंबं मला माहीत आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांना ते अर्धवट विमाधारक आहेत याची कल्पना नव्हती.

घराची कमाल मर्यादा ३० लाख डॉलर आहे. सामानाची आणि घराची भरपाई जुन्या किमतीने की नव्याने उभं करण्याच्या खर्चाने, हे अर्जातच नीट विचारा. नव्या खर्चाचा पर्याय वेगळा निवडावा लागतो.

दुसरा मार्ग 'सरप्लस लाइन्स' कंपन्यांचा, म्हणजे राज्याच्या नेहमीच्या परवान्याबाहेरच्या कंपन्यांचा. त्या मिळतात, पण कंपनी बुडाली तर राज्याचा हमी निधी मागे उभा राहत नाही. ब्रोकरला हे तोंडावर विचारा.

घराचा विमा किती रकमेचा हवा? आम्ही घर १८ लाखांना घेतलं.

१८ लाख हा आकडा विसरा. त्यातला मोठा भाग जमिनीचा आहे आणि जमीन जळत नाही. तुम्हाला हवा आहे तो घर पुन्हा बांधण्याचा खर्च. चौरस फुटाचा आजचा दर तुमच्या भागातल्या बांधकाम ठेकेदाराला विचारा. मोठ्या आगीनंतर तो आणखी वाढतो, कारण एकाच वेळी हजारो लोक तेच सुतार आणि तेच प्लंबर शोधत असतात.

पॉलिसीचं पहिलं पान, डेक्लरेशन पेज, आज रात्री जेवणानंतर काढा. 'ड्वेलिंग' (घर) किंवा 'कव्हरेज ए' समोरचा आकडा बघा. समजा तो ६ लाख आहे. 'एक्स्टेंडेड रिप्लेसमेंट' (त्या आकड्यावरची जादा भरपाई) २५ टक्के असेल तर साडेसात लाख मिळतील. ठेकेदार ९ लाख म्हणाला, तर दीड लाख तुमच्या खिशातून. टब्स आगीनंतर सांता रोझात कितीतरी लोकांना विमा असूनही हीच तूट भरावी लागली. 'ऑर्डिनन्स ऑर लॉ' अशी ओळ आहे का तेही बघा. नव्या नियमांप्रमाणे बांधायचा जादा खर्च त्यातून येतो आणि जुन्या घरांना तो बराच येतो.

सोनं, पैठण्या, चांदीची भांडी?

दागिन्यांवर बहुतेक पॉलिसीत छोटी उपमर्यादा असते. ती बऱ्याचदा चोरीपुरती असते, पण तुमच्या पॉलिसीत आगीलाही आहे का ते विचारा. मोठ्या ऐवजाचं मूल्यांकन करून घ्या आणि तो स्वतंत्र यादीत नोंदवा. पैठणी कोणत्या साली, किती रुपयांना घेतली हे आठवत नसेल तर आजची किंमत दाखवणारं एखाद्या दुकानाचं पान जपून ठेवा.

फोनवर व्हिडिओ काढत प्रत्येक खोलीतून फिरा. कपाटं उघडा, ड्रॉवर उघडा आणि बोलत राहा: 'हा मिक्सर, ही आजीची पितळी परात, ही मुलाची व्हायोलिन.' वीस मिनिटं लागतात. व्हिडिओ क्लाउडवर ठेवा आणि पुण्यातल्या बहिणीलाही पाठवा.

आम्ही भाड्याने राहतो किंवा टाउनहाउसमध्ये. काही लागतं का?

भाडेकरू असाल तर रेंटर्स इन्शुरन्स घ्या. स्वस्त असतो, आणि घरमालकाचा विमा तुमचं सामान भरून देत नाही. टाउनहाउस असेल तर सोसायटीची मास्टर पॉलिसी कुठे थांबते ते लेखी घ्या, तिथून पुढचं तुमचं. 'लॉस असेसमेंट'ची, म्हणजे सोसायटीच्या नुकसानीतला तुमच्यावर पडणारा वाटा भरून देणारी, मर्यादाही वाढवून घ्या.

फॉल्सम, एल डोराडो हिल्स, लॉस गॅटोसकडे घर बघतोय. कधी चौकशी करावी?

ऑफर लिहिण्याच्या आधी. निदान खरेदीतून बाहेर पडू देणाऱ्या अटी सोडून देण्याच्या आधी विम्याचा लेखी दर हातात हवा. घर आवडलं, शाळा चांगली, आणि मग कळतं की विमा फक्त फेअर प्लॅनचा मिळतोय. हा धक्का मासिक हप्त्याचं गणित बिघडवतो. उच्च धोक्याच्या पट्ट्यातलं घर विकताना विक्रेत्याला मोकळ्या जागेच्या नियमांबद्दलचे कागद द्यावे लागतात. ते मागून वाचा.

बाहेर पडायची वेळ आली तर काय घ्यायचं?

माणसं, औषधं, चष्मे, कागद. पासपोर्ट, ओसीआय कार्ड, नॅचरलायझेशनचं सर्टिफिकेट, भारतातल्या जमिनीचे कागद एका पिशवीत आधीच भरून दाराजवळ ठेवा. आई-बाबा भेटीला आलेले असतील तर त्यांचे पासपोर्ट, प्रवास विम्याचा कागद, औषधांच्या चिठ्ठ्या त्यांच्या स्वतःच्या पिशवीत हव्यात. दिवसा ते घरी एकटे असतात, गाडी चालवत नाहीत आणि फोनवरचा इंग्रजी इशारा त्यांना कळेलच असं नाही. म्हणून शेजारच्या एका घराशी आजच बोलून ठेवा: आम्ही नसू तर यांना घेऊन निघा.

'वॉर्निंग' आलं की निघण्याची तयारी, आणि घरात म्हातारी माणसं असतील तर तेव्हाच निघा. 'ऑर्डर' आल्यावर लगेच बाहेर. वीज गेलेली असताना गॅरेजचं दार हाताने कसं उचलायचं ते घरातल्या प्रत्येकाला एकदा करून दाखवा. २०१७ च्या आगींत काही जण याच दारामागे अडकले, म्हणून तर राज्यात नव्या मोटरला बॅटरी सक्तीची झाली. निघताना खिडक्या-दारं बंद, दिवे चालू. स्प्रिंकलर चालू ठेवून जाऊ नका, बंबवाल्यांच्या पाण्याचा दाब जातो.

घर गेलं. क्लेमची सुरुवात कुठून?

फोन करून क्लेम नंबर घ्या आणि राहण्याच्या खर्चाची आगाऊ रक्कम मागा. जाहीर आणीबाणीत घर पूर्ण गेलं असेल तर पर्यायी निवासाचा खर्च निदान २४ महिने मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. बांधकाम तुमच्या हाताबाहेरच्या कारणांनी रखडलं तर ती मुदत वाढते. सामानाच्या रकमेचा एक हिस्साही वस्तूवार यादी न देता मिळतो. हा हिस्सा कायद्याने अलीकडे वाढवला आहे, म्हणून चालू आकडा विमा खात्याला विचारून मगच कंपनीशी बोला.

एक वही ठेवा. कोणाशी, कधी, काय बोललात ते लिहा आणि प्रत्येक फोननंतर तेच ईमेलने पाठवा. तपासनीस बदलत राहतात. तिसऱ्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगताना रडू येतं, तेव्हा वही बोलते. कर्ज असेल तर घराचा चेक तुमच्या आणि बँकेच्या नावाने येतो आणि बँक टप्प्याटप्प्याने सोडते. 'अंतिम' शब्द असलेल्या कुठल्याही कागदावर घाईने सही करू नका.

घर उभं आहे, पण आत धुराचा वास आणि काजळी आहे.

हेही नुकसानच आहे. स्वतः झाडझूड करण्याआधी फोटो काढा आणि क्लेम लावा. माळ्यातलं इन्सुलेशन तपासायला सांगा, वास तिथे राहतो. जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने फेअर प्लॅनची धुरासाठीची तोकडी व्याख्या (डोळ्यांना दिसेल किंवा नाकाला कळेल तेवढंच नुकसान) बेकायदा ठरवली, तेव्हा कंपनी 'डोळ्यांना दिसत नाही' म्हणाली तर एवढ्यावर गप्प बसू नका.

आगीनंतर पाऊस आला तर?

जळलेल्या उतारावरून चिखल येतो. जानेवारी २०१८ मध्ये माँटेसिटोत तसं झालं. पुराचा विमा वेगळा असतो आणि सहसा ३० दिवसांनी लागू होतो, म्हणून ढग दिसायच्या आधी घ्या.

आणि मुळशीकडचं, कोकणातलं आमचं घर?

तिथेही फेब्रुवारी ते मे वणवे लागतात. बहुतेक वेळा कुणीतरी गवत पेटवलेलं असतं आणि ते आवरत नाही. भारतात १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाण पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळते आणि जंगलातली आग तिच्यात स्पष्ट लिहिलेली आहे. घर वर्षातले दहा महिने बंद असतं, हे अर्जात लपवू नका. आंब्या-काजूची बाग मात्र या पॉलिसीत येत नाही. बागेभोवतीचं गवत काढून जाळपट्टा करायला गावातली माणसं जानेवारीतच गाठावी लागतात. शिमग्यात कुणी कामावर येत नाही आणि शिमगा सरेपर्यंत गवत वाळून पिवळं झालेलं असतं.